बऱ्हाणपूरला उतरावे

आमच्या एका जुन्या स्नेह्यांची कन्या व जावई गेली कित्येक वर्षे इंग्लंडात स्थायिक आहेत. ती मंडळी दिवाळीसाठी घरी आली असता फराळाच्या निमित्ताने आमच्याकडेही डोकावली आणि चिवड्याची बशी संपायच्या आत मोबाइलमधील दोन-अडीचशे छायाचित्रे आम्हांस पाहावी लागली. छायाचित्रे सेंट हेलेनाची होती. दक्षिण अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे १९०० किलोमीटरांवर, ज्वालामुखीच्या मुखातून वर आलेले हे बेट. क्षेत्रफळ अवघे १२२ चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या तिसवाडी तालुक्याहूनही लहान. लोकवस्ती साडेचार हजारांच्या आतली. २०१७ सालच्या ऑक्टोबरपासून तेथे जोहान्सबर्गहून विमान जाऊ लागले. तत्पूर्वी केपटाउनहून निघणाऱ्या एका टपालबोटीने पाच-सहा दिवस हेलकावे खात जावे लागे.

जावईबापूंनी उत्साहाने वर्णन केले. समुद्रातून उभे उठलेले उघडेबोडके काळे-तांबूस कडे, आणि तेच कडे चढून गेल्यावर डोंगरमाथ्यावर अकस्मात लागणारे धुक्यातले हिरवे रान. जेम्सटाउन गावातून थेट कड्यावर जाणारा ६९९ पायऱ्यांचा जिना. १८८२ साली सेशेल्सहून आणलेले आणि शंभरी कधीच ओलांडून गेलेले एक कासव. गळाने धरलेल्या ट्यूना माशाचे तिखट वडे आणि 'प्लो' नावाचा मांसभात. हा प्लो म्हणजे आमच्या पुलावाचाच दूरदेशी गेलेला भाऊबंद, हे नाव ऐकताच कळावे. आणि सर्वांत शेवटी एका दरीत, लोखंडी कठड्याच्या आत, एक कोरा दगड. नेपोलियनची कबर. नेपोलियन त्या कबरीत नाही. ५ मे १८२१ रोजी तो वारला, तेथे पुरला गेला, आणि १८४० साली फ्रेंचांनी त्याचे अवशेष पॅरिसला नेले. दगडावर नाव काय कोरावे याबद्दल इंग्रज व फ्रेंच यांचे एकमत होईना म्हणून दगड कोराच राहिला, तो आजतागायत तसाच आहे.

"मामा, रिकामी कबर पाहायला इतक्या लांब लोक जातात, हे नवल नाही का?" असे कन्येने विचारले. आम्ही म्हटले, "नवल नाही; आम्ही गेल्याच महिन्यात एक पाहून आलो, आणि तीही ज्वालामुखीच्याच दगडावर!" मंडळींना थट्टा वाटली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही गेलो होतो बऱ्हाणपूरला. भुसावळहून इटारसीकडे गाडी निघाली की सुमारे ५५ किलोमीटरांवर हे स्थानक लागते. काशीप्रयागला जाणारे आमचे पूर्वज या स्थानकावरून गेले, आम्हीही अनेकवार गेलो. पण उतरले कोण? मराठी माणसाला बऱ्हाणपूर म्हटले की आठवते ती १६८१ सालची संभाजी महाराजांची स्वारी आणि बहादूरपुऱ्याची लूट. पुढे १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर हे शहर व शेजारचा अशीरगड निजामाने पेशव्यांना दिला आणि नंतर तो मुलूख शिंद्यांकडे गेला, येथवर शाळेतला इतिहास पुरतो. १९५६ च्या प्रांतरचनेत शहर मध्य प्रदेशात राहिले, आणि आमच्या नकाशावरून जणू पुसलेच गेले. वस्तुतः तापीकाठच्या या गावात आजही घराघरांत मराठी बोलली जाते. दुकानावरची पाटी हिंदी, गल्ल्यावरचा हिशेब हिंदी, आणि आतून येणारी हाक मात्र मराठी, असा अनुभव आम्हांला एकाच दिवसात चार ठिकाणी आला.

ज्वालामुखीची गोष्ट आधी सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्ह्याचे थरावर थर पसरले. सह्याद्रीचे कडे, वेरूळ-अजिंठ्याची लेणी, अशीरगडाचा डोंगर, हे सारे त्याच थिजलेल्या रसाचे. आमच्या सत्तरीच्या घाटमाथ्यावर त्याचे दक्षिणेकडील टोक टेकलेले आहे. ज्या पाताळस्थ उष्ण स्रोतातून हा रस आला तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली धगधगत आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. भूखंड सरकत उत्तरेला आला, चूल मात्र मागे राहिली. तेव्हा ज्वालामुखीचा प्रदेश पाहण्यास अटलांटिकपर्यंत गेलेच पाहिजे असे नाही. भुसावळच्या फलाटावर उभा राहणारा मनुष्यही ज्वालामुखीवरच उभा असतो.

बऱ्हाणपुरात या दगडाने जे घडविले ते जमिनीवर कमी आणि जमिनीखाली अधिक आहे. सातपुड्याच्या काळ्या खडकावर पडलेला पाऊस पायथ्याच्या भुसभुशीत थरांत जिरतो आणि भूगर्भातून हळूहळू तापीकडे सरकतो. १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, तब्कुतुल अर्ज नावाच्या इराणी भूजलतज्ज्ञाने हे सरकणारे पाणी हेरले. त्याने त्याच्या वाटेत आडवे बोगदे खणले, त्यांना सूक्ष्म उतार दिला आणि ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारखी तोंडे पाडली. या तोंडांना कुंड्या म्हणतात. एका रांगेत शंभराहून अधिक कुंड्या, आणि त्यांच्या खालून काही किलोमीटर वाहत शहरापर्यंत पोचणारे पाणी! मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येते. लोक याला कुंडी भंडारा म्हणतात. खुनी भंडारा असेही दुसरे नाव रूढ आहे. औरंगाबादची मलिक अंबरची नहर याच कुळातली आणि जवळपास त्याच काळातली.

एका कुंडीतून खाली उतरण्यास उद्वाहनाची सोय केलेली आहे. सुमारे ऐंशी फूट खाली गेलो. वर ऊन तापलेले आणि खाली पायांना गारवा देणारे, तळ दिसेल इतके निर्मळ पाणी. भिंतींवर चुन्याचे पांढुरके पापुद्रे साचलेले. हात लावला तर खरखरीत. चारशे वर्षांत पाण्याने आपल्याबरोबर आणलेले क्षार असे भिंतीला बिलगून बसले आहेत, आणि काही ठिकाणी त्यामुळे वाटच अरुंद होत चालली आहे. वर पाहिले तर कुंडीच्या तोंडाएवढे आकाश. आम्ही सोबतच्या माणसाला विचारले, "हे पाणी अजून कोणी पितात का?" तो म्हणाला, "साहेब, लालबागेत हेच येते." बोलण्यात अभिमान नव्हता. नळाचे पाणी कोठून येते हे सांगावे तसे त्याने सांगितले.

मार्च २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत खुनी भंडाऱ्याचे नाव दाखल झाले. आनंद आहे. परंतु संभाव्य यादी म्हणजे उमेदवारीचा अर्ज, निवड नव्हे. त्या अर्जाने भिंतीवरचा चुना निघत नाही की सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी वाढत नाही. शहराभोवती दृष्टी पोचेल तेथवर केळीच्या बागा आहेत. शेजारच्या जळगावप्रमाणे हा जिल्हाही केळीवरच जगतो, आणि केळ ही पाण्याची मोठी तहानलेली. शेतकऱ्याने कूपनलिका खणली तर त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? तथापि वरच्या अंगाला जितक्या नळ्या जमिनीत जातील तितके खालचे हे पाणी ओसरणार, हे गणित सांगायला तब्कुतुल अर्ज लागत नाही. पर्यटकांसाठी दिवे, कमानी, बागा हे सारे पुढे होईल. आधी डोंगराच्या पायथ्याची जमीन बांधकामापासून व बेसुमार उपशापासून राखली पाहिजे. तसे न केल्यास एक दिवस आम्ही कोरडा बोगदा जगाला वारसा म्हणून दाखवू.

आता त्या रिकाम्या कबरीविषयी. १६३० च्या वसंतात शाहजहान बंडखोर खानजहान लोदीच्या पारिपत्यासाठी बऱ्हाणपुरास येऊन राहिला. जून १६३१ मध्ये येथील किल्ल्यात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीच्या पलीकडे, जैनाबादच्या बागेत तिला पुरण्यात आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे अवशेष आग्र्याला नेले. पुढचा ताजमहाल सर्व जगाला ठाऊक आहे. अलीकडची ती सहा महिन्यांची जागा पाहण्यास येणारे थोडे. आहूखाना नावाची एक पडकी इमारत, भोवती माती, जवळपास शेते. किल्ल्यातील हमामाच्या घुमटाखाली मात्र रंगीत नक्षी अजून थोडीफार टिकून आहे. तीवर मान वर करून आम्ही बराच वेळ खर्च केला.

याच वेळी या शहरातून पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी गेला होता. हा गृहस्थ आम्हां गोमंतकीयांच्याही ओळखीचा व्हावा. १६३० च्या नोव्हेंबरात तो सुरतेहून आग्र्याला निघाला. पुढे १६३६ च्या अखेरीस वेडेलच्या तांड्याबरोबर तो गोव्याच्या बंदरात आला. आणि या दोहोंच्या मध्ये, १६३४ साली मायदेशी परतताना, तो सेंट हेलेना बेटावर उतरला होता. बऱ्हाणपूर, मांडवीचे मुख आणि अटलांटिकमधले ते बेट ही तिन्ही ठिकाणे एकाच माणसाच्या रोजनिशीत आहेत. बेटावर त्या काळी सर्वच जहाजे थांबत ती गोड्या पाण्यासाठी, आंबट फळांसाठी आणि रानात माजलेल्या बकऱ्यांसाठी. कारण महिनोन्महिने खारवलेले मांस खाऊन खलाशांच्या हिरड्या सडत.

ती फळझाडे तरी तेथे कशी आली? याचे एक उत्तर आमच्या बाणस्तारीला आहे. १५१२ साली आल्बुकेर्कने बाणस्तारीचा किल्ला घेतला तेव्हा आदिलशाहीकडे जाऊन मिळालेले काही पोर्तुगीज त्याच्या हाती लागले. त्यांचे प्राण घेणार नाही असे वचन त्याने दिले होते. त्याने प्राण घेतले नाहीत. नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा कापविला. त्यांतील फर्नाव लोपिश हा काही वर्षे गोव्यात राहिला आणि आल्बुकेर्कच्या मृत्यूनंतर स्वदेशी जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत सेंट हेलेना लागताच तो उतरून रानात लपला. जहाज गेले, तो राहिला. अर्ध्या हाताने त्याने तेथे झाडे लावली, जनावरे पाळली. एक कोंबडा त्याच्या मागून हिंडे असे पोर्तुगीज बखरकार सांगतात. मध्ये एकदा युरोपला जाऊन, पोपची भेट घेऊन तो पुन्हा बेटावरच परतला आणि सुमारे १५४५ मध्ये तेथेच वारला. आज बेटावर जाणारा प्रवासी नेपोलियनची दरी विचारीत जातो. बाणस्तारीच्या बाजारात मिरच्या-काकड्या घेणाऱ्या आम्हांपैकी किती जणांना हा लोपिश ठाऊक आहे?

पण मंडीकडे पुन्हा वळू. सुरत ते बऱ्हाणपूर या वाटेवर त्याने जे पाहिले ते निसर्ग, संस्कृती वा खाद्यपदार्थ यांपैकी कशातच बसणारे नव्हते. तो १६३०-३२ चा महादुष्काळ होता. वाटेने गावे ओस, रस्त्याकडेला प्रेते, मुले विकणारे आईबाप. आणि बऱ्हाणपुरात, बादशहाची छावणी असल्यामुळे, किल्ल्यापुढच्या बाजारात मात्र लांबलांबून आणलेला माल भरलेला! बादशहाने अन्नछत्रे उघडली होती हे खरे. दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याची आज्ञा झाली आणि वीस सोमवारांत एक लाख रुपये वाटले गेले, असे त्याच्याच दरबारी बखरकाराने नोंदविले आहे. एका कबरीसाठी पुढे आग्र्यात जो खर्च झाला त्यापुढे हा लाख रुपयांचा आकडा ठेवून पाहावा, अधिक बोलण्याचे कारण नाही.

हाच तो दुष्काळ, ज्यात देहूला तुकोबांच्या ज्येष्ठ पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. स्वतः तुकोबांनी ते अभंगात सांगून ठेवले आहे. एक स्त्री बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात बाळंतपणात गेली, एक देहूच्या वाण्याच्या घरात उपाशी गेली. काळ जवळजवळ एकच. एकीची रिकामी झालेली जागादेखील दाखविता येते. दुसरीची जागा कोणी विचारीतही नाही.

हे सारे डोक्यात घेऊन आम्ही दुपारी लोधीपुऱ्यास पोचलो. शहराच्या कडेची ही वस्ती. दाऊदी बोहरा समाजाचे सत्पुरुष सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची अठराव्या शतकातील समाधी येथे आहे आणि दरगाह-ए-हकीमी या नावाने ती देशोदेशीच्या बोहऱ्यांत प्रसिद्ध आहे. मुंबई, सुरत, सिद्धपूर, थेट पूर्व आफ्रिकेपर्यंतचे यात्रेकरू येतात. पांढरीशुभ्र वास्तू, निगा राखलेली बाग, आवारात कागदाचा कपटा नाही. आम्ही डोके झाकून आत गेलो. कोणी जात विचारली नाही, गाव मात्र विचारले. "गोवा" म्हणताच एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमचे आजोबा मडगावला छत्र्या विकत." मग गप्पा लांबल्या आणि त्यांच्या शहरातील नातलगांच्या घरी आम्हांला जेवणाचे निमंत्रण आले.

बोहऱ्यांची पंगत पाहण्याजोगी. जमिनीवर कापड अंथरून त्यावर बैठक, बैठकीवर एक मोठा थाळ, आणि त्या एकाच थाळाभोवती आठ जण. यजमान स्वतः सर्वांच्या हातांवर पाणी घालतो. आरंभ चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून. आम्हांला एकदम घरची आठवण झाली. आमच्याकडेही पानात पहिल्याने मीठच वाढतात! त्यानंतर मिठास, म्हणजे गोड, मग खारास, म्हणजे तिखटमीठाचे, पुन्हा गोड. आम्ही शाकाहारी असल्याचे कळताच दोन पदार्थ निराळे आले आणि त्याची वाच्यता कोणी केली नाही. जेवण संपत आले तेव्हा यजमानांच्या नातवाने थाळाच्या कडेला राहिलेली चार-सहा शिते बोटाने टिपून तोंडात टाकली. यांच्या समाजात अन्न वाया जाऊ नये म्हणून 'दाणा कमिटी' असते. पंगतीत एक दाणाही टाकला जात नाही ना हे तिचे स्वयंसेवक पाहतात. ज्या गावाच्या वेशीवर एके काळी दाण्यासाठी मुले विकली गेली, त्या गावात हे ऐकताना आम्ही आमच्याकडच्या लग्नांतील उष्ट्या ताटांचे ढीग आठवून मुकाट बसलो.

शहरातील खाणे निराळे. मावा जिलबी ही येथली खूण. खव्याची, काळपट तांबूस, जाड वळ्यांची. एकीतच पोट भरते. मुंबईत रमजानच्या दिवसांत हिच्यासाठी रांगा लागतात आणि तेथेही ती बऱ्हाणपुरीच म्हणवते. दराबा हे दुसरे मिष्टान्न, रवाळ आणि तुपकट. आणि मांडे! बेळगावच्या गोड मांड्यांची सवय असलेल्याने फसू नये. हे मांडे म्हणजे हातांवर झेलून झेलून धोतरासारखी पसरलेली आणि पालथ्या भांड्यावर भाजलेली साधी गव्हाची पोळी. करणाऱ्याचे हात पाहावे, इतकेच आमचे सांगणे. मराठी घरांत मात्र खानदेशची सत्ता: कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत, शेवभाजी. मासळीवाचून ज्याचे अडते त्याने चार दिवस सोसावे.

गावातील जामा मशीदही चुकवू नये. फारुकी सुलतान आदिलशाहाने ती बांधली, आणि तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेख आहे. त्यात विक्रम संवत १६४६ व शके १५११ असा काळ दिलेला आहे. देवनागरी अक्षरे मशिदीच्या आत वाचताना आमच्यामागे उभा असलेला एक शाळकरी मुलगा विचारता झाला, "काका, ये आप पढ़ सकते हो?" आम्ही दोन ओळी वाचून दाखविल्या. त्याने त्या अरबीशी ताडून पाहण्याचा प्रयत्न केला आणि जुळेना तेव्हा मनापासून हसला.

पाहुण्यांनी गाव कसे बदलते हे गोव्यास कोणी शिकवायला नको. आमचा किनारा पाहणाऱ्यांना आमची देवळे, आमची तळी, आमची खाजने दिसत नाहीत. बाटली व वाळू यांपुढे त्यांची दृष्टी जात नाही, अशी आमची तक्रार असते, आणि ती रास्तही आहे. मग आम्ही प्रवासास निघतो तेव्हा काय करतो? ताजमहालापुढे छायाचित्र काढतो आणि ज्या गावातून ती स्त्री तेथे नेली गेली त्या गावावरून गाडीत झोपून जातो. सेंट हेलेनावर ब्रिटिश सरकारने २८ कोटी ५० लाख पौंड खर्चून विमानतळ बांधला, तो वाऱ्याच्या उलटसुलट झोतांमुळे वर्षभर रखडला. साडेचार हजार माणसांच्या बेटाला प्रवासी हवेत म्हणून एवढा खटाटोप. बऱ्हाणपूरला विमानतळ नको. आगगाडी आहे, स्थानक आहे, टांग्यांच्या जागी आता रिक्षा आहेत. उणीव आहे ती उतरणाऱ्यांची, आणि उतरलेल्यास चार शब्द नीट सांगणाऱ्या मार्गदर्शकांची. शहरातील मराठी शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले तर त्यांना मिळकतही होईल आणि आमच्यासारख्यांना आपल्या भाषेत ऐकायला मिळेल.

वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस याच मार्गाने जाते. भुसावळला उतरून पुढची गाडी धरणे सोयीचे. एक दिवस कुंडी भंडारा, किल्ला, मशीद आणि लोधीपुरा यांस द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी अशीरगड. हा गड अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला. माथ्यावरील शिवालयात अश्वत्थामा पहाटे येऊन फूल वाहून जातो असे तेथील लोक सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा पिंडीवर फूल होते, पुजारीही होता. दुपारी तापी ओलांडून जैनाबादला जावे, उन्हे कलल्यावर. कुंडी भंडाऱ्याचे उद्वाहन चालू आहे की नाही याची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. वैशाखात मात्र जाऊ नये, तेथला उन्हाळा किनाऱ्यावरच्या माणसाला झेपणारा नव्हे.